शेंदूर आणि पोलाद

एखादी प्रचंड वस्तू एकदा उभी राहिली की ती कायमची उभी राहिली, असे आपण सामान्य माणसे धरून चालतो. कोलकात्यातल्या आम्हा मराठी मंडळींचा हावड्याच्या पुलाविषयी असाच समज असतो. १९४३ साली वाहतुकीस खुला झालेला, १९६५ पासून रवींद्र सेतू हे नाव मिरवणारा, सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलादाचा हा पूल आमच्या लेखी हुगळीइतकाच स्वयंभू! पण कधी तरी त्याच्या तुळयांवर कमरेला दोर बांधलेली, खालून मुंगीएवढी दिसणारी माणसे ब्रश चालवताना दिसतात आणि ध्यानात येते की, हे पोलाद कोणी तरी राखते म्हणून राहिले आहे.

लोखंडाला रंग देणे म्हणजे त्याला नटवणे नव्हे. पाणी आणि हवा यांची लोखंडाशी गाठ पडू न देणे, एवढाच त्याचा हेतू. पूर्वी पुलांना पहिला हात शिशाच्या तांबड्या रंगाचा देत. तो म्हणजे आपल्या मारुतीचा शेंदूरच. शिसे विषारी, म्हणून तो आता मागे पडला. परंतु मारुतीला जुन्या शेंदरावर नवा लेप चढवलेला चालतो. पोलादाला ही सवलत नाही. गंजावर दिलेला रंग गंजाला झाकतो, थांबवीत नाही. म्हणून आधी खरवडणे, घासणे, कोरडे करणे, मग अस्तर, आणि शेवटी तो रुपेरी हात. त्यातही खरी परीक्षा सपाट पृष्ठभागावर होत नाही. धारदार कडांवरून रंग ओघळून पातळ होतो, रिव्हेटांच्या बोंडांभोवती पाणी साचते, आणि या पुलाची जोडणी तर सारी रिव्हेटांची! चांगला रंगारी आधी कडा आणि बोंडे हाताने रंगवतो, मग उरलेले.

स्कॉटलंडमधला फोर्थचा पूल रंगवणे न संपणाऱ्या कामाचे प्रतीकच होऊन बसले होते. तेथे २०११ साली काचेच्या कपच्या मिसळलेला नवा लेप देऊन झाला आणि आता पंचवीस वर्षे तरी पाहावे लागणार नाही, अशी आशा व्यक्त झाली. स्कॉटलंडच्या पुलाला मात्र पिचकाऱ्यांचे भय नसावे.

आमच्या पुलाला आहे. उंचावर दव आणि पक्ष्यांची विष्ठा यांच्याशी झुंज चालते. पायथ्याशी वैरी निराळा. वरच्या सांगाड्यातून खाली येऊन रस्ता पेलणाऱ्या दांड्यांच्या तळाशी पोलादी आवरणे आहेत. २००७ नंतरच्या तीन-चार वर्षांत त्यांची जाडी सहा मिलिमीटरवरून तीनच्याही खाली आल्याचे अभियंत्यांना आढळले. कारण पान आणि गुटखा. विड्याला आपल्या मंगलकार्यात केवढा मान! रस्त्यात त्याचा उरलेला रस कोठे जातो, हे मात्र कोणी विचारीत नाही. अखेर बंदराच्या अधिकाऱ्यांनी त्या तळांना फायबरग्लासची वेष्टने घातली. ती धुता येतात.