नंबर बरोबर, चष्मा चुकीचा

6 नोव्हेंबर

नवा चष्मा मिळाला. प्रोग्रेसिव्ह काच पहिल्यांदाच घेतली. वर लांबचा नंबर, खाली जवळचा, आणि दोन्हींच्या मध्ये रेघ न दिसता बदलत जाणारा पट्टा. उजवा डोळा उणे 2, डावा उणे 1.50, दोन्हींना थोडा सिलिंडर, जवळसाठी अधिक 1.75. आजवर फक्त लांबचा चष्मा होता. व्हर्नियर वाचायचा झाला की तो कपाळावर सरकवायचो. पण शॉपफ्लोअरवर डोळे उघडे टाकणं सुरक्षेच्या नियमात बसत नाही आणि माझं कामच मोजायचं आहे. शेंद्र्याच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. बोअरचा व्यास, शाफ्टची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. म्हणून थोडे जास्त पैसे घालून ही काच घेतली.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून करमाडला उतरताना शेवटची पायरी होती त्यापेक्षा खोल वाटली. जालना रोड ओलांडताना मान हलवली की रस्त्याची कड लाटेसारखी वाकायची. दुकानदार म्हणाला होता, "सवय होईल." घरातही सगळे तेच म्हणाले.

8 नोव्हेंबर

कारखान्यात एखादा जॉब नापास झाला की आम्ही "बरोबर नाही" एवढंच लिहून थांबत नाही. कुठे, किती, कोणत्या बाजूला, हे लिहितो. चष्म्याचंही तसंच लिहायला घेतलं. वहीच्या पानावर दोन रकाने पाडले: रोज कमी होत जाणारा त्रास आणि जसाच्या तसा राहणारा त्रास.

पहिल्या रकान्यात: पायरी खोल दिसणं, मान वळवताना कडा वाकणं, संध्याकाळी कपाळ जड होणं. दुसऱ्या रकान्यात: व्हर्नियर वाचताना हनुवटी वर करावी लागते. संगणकाच्या पडद्यासाठीही तेच. शिवाय वाचताना डोकं जरा उजवीकडे वळवलं तरच अक्षर नीट बसतं.

लांबचं मात्र स्वच्छ आहे. फाट्यावरून येणाऱ्या एसटीची पाटी आधीपेक्षा लवकर वाचता येते. रेल्वे स्टेशनचा पिवळा फलक बराच दूर असतानाच दिसतो. म्हणजे डॉक्टरांनी काढलेल्या लांबच्या नंबरात गफलत नसावी.

11 नोव्हेंबर

पहिला रकाना खरंच कमी होतोय. आज पायरीकडे लक्षही गेलं नाही. याचं कारण वाचलं. या काचेच्या खालच्या भागात जवळचा नंबर असतो, त्यामुळे त्यातून पाहिलेली जमीन धूसर आणि जवळ-लांब झाल्यासारखी वाटते. डोळे आणि मेंदू काही दिवसांत त्याच्याशी जुळवून घेतात. बहुतेकांना हे एक-दोन आठवड्यांत जमतं. जमीन बघायची तर नुसती नजर न झुकवता मान झुकवायची, हे शरीर आपोआप शिकतं.

कडेची धूसरता मात्र या काचेच्या पोटातच आहे. फ्रान्सच्या बर्नार मेतनाझ यांनी घडवलेली व्हॅरिलक्स ही काच 1959 मध्ये बाजारात आली आणि प्रोग्रेसिव्ह काचेचा खरा प्रसार तिथून सुरू झाला. 1963 मध्ये मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञानं सिद्ध केलं की मधल्या पट्ट्यात वरून खाली नंबर ज्या वेगानं वाढतो, त्याच्या दुप्पट वेगानं पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना नको असलेला सिलिंडर वाढत जातो. महागड्या काचेत तो दोष पसरवता येतो, हव्या त्या कोपऱ्यात ढकलता येतो, पण पुसता येत नाही. म्हणून या काचेत मधल्या पट्ट्याची जागा हीच सगळ्यात मोलाची. हा पट्टा काही मिलिमीटरच रुंद असतो. तो बुबुळासमोर आला तर काच कामाची, नाही तर कागदावरचा नंबर कितीही अचूक असो, उपयोग नाही.

14 नोव्हेंबर

दुसरा रकाना तसाच आहे. मानेच्या मागे दुखायला लागलंय. दिवसभर हनुवटी वर धरून मोजमाप करणं म्हणजे मानेवर अन्याय आहे.

आज एक प्रयोग केला. मान सरळ ठेवली, पुस्तक नेहमीच्या अंतरावर धरलं आणि दोन्ही दांड्या बोटांनी धरून चष्मा हळूहळू वर उचलला. थोडासा उचलल्यावर अक्षरं एकदम स्वच्छ झाली. मग तसाच धरून किंचित उजवीकडे सरकवला. डोकं न वळवताही पूर्ण ओळ दिसू लागली. दोनदा तपासलं, दोन्ही वेळा तेच.

याचा अर्थ सरळ आहे. जवळचा नंबर काचेत आहे आणि तो बरोबर आहे. तो फक्त माझ्या डोळ्यापेक्षा खाली आणि डावीकडे बसलाय. अशा दोषावर सवय हा इलाज नाही. सवय झालीच तर ती वाकड्या मानेची होईल.

16 नोव्हेंबर

सुट्टी. शिफ्टमधला जोडीदार घरी आला, त्याच्या मदतीनं मापं घेतली.

प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर दोन बारीक कोरीव खुणा असतात, एकमेकींपासून 34 मिलिमीटरवर. नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. काळ्या कापडासमोर काच धरून ट्यूबलाइटखाली तिरकी केली की दोन छोटी वर्तुळं उमटतात. कानाकडच्या खुणेखाली जवळचा वाढीव नंबर कोरलेला असतो. तो माझ्या कागदाशी जुळला. या दोन खुणांच्या बरोबर मध्यावर, आणि त्या ओळीच्या किती वर ते प्रत्येक कंपनी ठरवते, फिटिंगचा क्रॉस असतो. सरळ समोर पाहताना तो बुबुळाच्या मधोमध यायला हवा.

जोडीदार माझ्यासमोर, त्याचे डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीवर येतील असा बसला. मी उजव्या डोळ्यानं त्याच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं, मग डाव्यानं त्याच्या उजव्याकडे. त्यानं मार्करनं काचेवर बुबुळाचे ठिपके दिले. पट्टी लावली. काचेच्या खालच्या कडेपासून बुबुळ 22 मिलिमीटरवर, क्रॉस 18 वर. म्हणजे क्रॉस 4 मिलिमीटर खाली.

आडवं मापही बोलकं निघालं. दोन बुबुळांमधलं अंतर 64 मिलिमीटर, आणि दुकानाच्या पावतीवरही 64 च आहे. पण दुकानानं त्याचे सरळ दोन भाग करून 32 आणि 32 धरले. माझ्या नाकाच्या मध्यापासून उजवं बुबुळ 33.5 वर आहे आणि डावं 30.5 वर. बेरीज बरोबर, दोन्ही अर्धी चुकीची. त्यामुळे दोन्ही काचांचे पट्टे माझ्या डाव्या हाताला दीड मिलिमीटर सरकलेत. डोकं उजवीकडे का वळवावं लागतं, ते कळलं.

माणसाचा चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो, हे ज्याला रोज चेहरे मोजायचे आहेत त्यानं धरूनच चालायला हवं. साध्या एका नंबरच्या काचेत आणि कमी नंबरात दीड मिलिमीटर खपून जातो. प्रोग्रेसिव्हमध्ये नाही.

18 नोव्हेंबर

लाडसावंगीहून आत्या आली. माझा चष्म्याचा उद्योग ऐकून तिनं पिशवीतून स्वतःचा चष्मा काढला. "बाबा, हा बी बघ. घातला की आणखीच भुरं दिसायलंय. म्हणून ठेवूनच दिला."

मध्यंतरी एका शिबिरात तिनं डोळे तपासले होते आणि तिथल्याच नंबरावर चष्मा बनवला होता. मी विचारलं, "त्या वेळी तुझी साखर किती होती?" तिला आठवत नव्हतं. पण मधुमेह कळला तो त्याच आठवड्यात, गोळ्या सुरू झाल्या त्या नंतर. फाईलमध्ये कागद सापडला: साखर 300 च्या वर. आता गोळ्यांनी ती बरीच खाली आलीय.

उत्तर त्या कागदातच होतं. साखर खूप चढलेली असते तेव्हा डोळ्यातलं भिंग फुगतं आणि बहुतेक वेळा नंबर उणे बाजूला सरकतो. साखर उतरू लागली की तो उलट फिरतो आणि स्थिर व्हायला काही आठवडे लागतात. शिबिरातल्या तपासनीसानं त्या दिवशीचा डोळा बरोबर मोजला असेल. पण तो डोळा आता राहिला नाही. चष्मा जुन्या डोळ्याचा, आणि आत्याचं वय असं की उणे नंबर जास्त झाला तर भिंग अधिक गोल करून ते भरून काढता येत नाही.

तिला सांगितलं, साखर काही आठवडे एका पातळीवर राहू दे, मग घाटी रुग्णालयाच्या नेत्र विभागात जाऊ. नंबर तर काढूच, पण बुबुळ मोठं करून पडदाही तपासून घेऊ. मधुमेह असलेल्याचा पडदा वर्षातून एकदा तरी पाहायलाच हवा, कारण तिथली इजा सुरुवातीला दिसत नाही आणि दुखतही नाही. आणि हेही सांगितलं: एकाएकी दिसायचं कमी झालं, डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं वाटलं, वीज चमकल्यासारखे झोत दिसले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर चष्म्याच्या दुकानात जायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर.

21 नोव्हेंबर

दुकानात गेलो. मापांचा कागद पुढे ठेवला. काउंटरवरचा मुलगा पुन्हा म्हणाला, सवय होईल. मी त्याला फ्रेम वर उचलून वाचण्याचा प्रयोग करून दाखवला आणि काचेवरचे ठिपके दाखवले. आतून वयस्कर कारागीर आला. त्यानं आधी लेन्सोमीटरवर काचा ठेवून नंबर पाहिला. नंबर, सिलिंडर, अक्ष, सगळं कागदाप्रमाणे. मग पुपिलोमीटर लावला: उजवा 33.5, डावा 30.5. मग फ्रेम माझ्या नाकावर नीट बसवली, नोज पॅड आवळले, दांड्या कानामागे वाकवल्या, आणि त्यानंतरच उंचीची खूण केली. हा क्रम महत्त्वाचा आहे. फ्रेम घसरत असताना उंची मोजली तर मापही घसरतं. "काचा नव्यानं कराव्या लागतील," तो स्वतःहूनच म्हणाला. जादा पैसे मागितले नाहीत.

घरी येताना मनात येत होतं, माझ्याकडे मोजपट्टी होती, मोजायची सवय होती, आणि कारागीर ऐकणारा भेटला. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो काय करतो? आत्यासारखा चष्मा पिशवीत ठेवतो.

23 नोव्हेंबर

जॉर्ज एअरी यांच्याविषयी वाचलं. पुढे इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ झाले ते. तरुणपणी केंब्रिजला असताना त्यांना जाणवलं की आपला डावा डोळा वाचायला निरुपयोगी आहे. कागदाला बारीक भोक पाडून त्यातून येणारा उजेड त्यांनी डोळ्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर धरला. एका अंतरावर तो ठिपका एक रेघ दिसायचा, दुसऱ्या अंतरावर त्या रेघेला काटकोनात दुसरी रेघ. त्यावरून त्यांनी स्वतः गणित मांडलं आणि 1825 मध्ये सिलिंडरची काच घडवून घेतली. आज माझ्या, आत्याच्या, कोट्यवधी लोकांच्या कागदावर लिहिला जाणारा सिलिंडरचा नंबर ज्यांच्यापासून सुरू झाला, ते आपल्याच डोळ्याची तक्रार घेऊन बसलेले होते. त्यांनी ती तक्रार सोडली नाही आणि मोघमही ठेवली नाही.

आणखी एक वाचलं. आसामातल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या 751 पानखुड्या मजुरांवर अभ्यास झाला. निम्म्यांना जवळचा साधा चष्मा आधी दिला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्या गटाची पानं खुडण्याची गती दुसऱ्या गटाच्या तुलनेत 21.7 टक्क्यांनी जास्त वाढली. 2018 मध्ये हे लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आलं. आमच्याकडे हे कापूस वेचणीचे दिवस आहेत. बोंडातून काडीकचरा न येऊ देता कापूस काढणं, निंदणाच्या वेळी रोप आणि तण ओळखणं, मोबाईलवर आलेला पैशाचा मेसेज वाचणं, सगळं जवळच्याच नजरेचं काम. योग्य चष्म्याची किंमत त्या मजुरीत मोजायला हवी. आणि बॅगेत पडून राहिलेल्या चष्म्याचीही.

3 डिसेंबर

नव्या काचा मिळाल्या. नंबर तोच, फ्रेम तीच. हनुवटी खाली ठेवून व्हर्नियर वाचला, पहिल्याच नजरेत दिसला. डोकं वळवावं लागलं नाही. कडेला धूसर आहे, ते राहणारच, तिथे मान वळवतो. रात्री जालना रोडवर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांचाही त्रास नाही. आठवडाभर वापरून मग शेवटचं लिहीन.

10 डिसेंबर

मानेचं दुखणं गेलं. दुसरा रकाना रिकामा.

आज कारखान्यातल्या सूचना फलकासाठी एक पान लिहून साहेबांना दाखवलं. त्यांनी लावायला सांगितलं. त्यात एवढंच आहे: नवा चष्मा आठवडा-दोन आठवडे नेमानं वापरा, जुना-नवा असा आलटून पालटून नको. रोजचा त्रास लिहा, कमी होतोय का ते पाहा. एकेक डोळा झाकून लांबचं आणि जवळचं तपासा. फ्रेम वर, खाली, बाजूला सरकवून फरक पडतो का ते बघा. पडत असेल तर दोष बसवण्यात आहे, पडत नसेल आणि धूसर कायम असेल तर नंबर पुन्हा तपासा. मधुमेह असेल तर आधी साखर पाहा. डॉक्टरांकडून नंबरचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. दुकानात जाऊन "बरं दिसत नाही" म्हणू नका, काय करताना, किती अंतरावर आणि कोणत्या डोळ्यानं दिसत नाही, ते सांगा.

"सवय होईल" हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं चालतं. जे सवयीनं जाणार आहे त्याला वेळ द्यावा. जे मापाचं आहे ते दुरुस्त करून मागावं, आणि मागताना संकोच करू नये. लेन्सोमीटर काच तपासतो. ती काच या माणसाच्या चेहऱ्यावर, या माणसाच्या कामासाठी बरोबर आहे की नाही, हे तो चष्मा घालणाराच सांगू शकतो.

गल्लीत सांगून ठेवलंय, घरात न वापरता पडलेले चष्मे आणि त्यांचे कागद घेऊन रविवारी या. नंबर काढणं माझं काम नाही. पण प्रत्येकाची तक्रार नीट शब्दांत लिहून देऊ, म्हणजे दुकानात किंवा दवाखान्यात गेल्यावर समोरच्याला ती टाळता येणार नाही.