ओंबीत फुटलेला गहू, संत्र्याची साल आणि बिअर



आज विषय जरा वेगळा आहे, पण पीक आपलंच. काढणीच्या तोंडावर पाऊस आला आणि ओंबीतच दाणा फुटला की आपण कपाळाला हात लावतो. व्यापारी भाव पाडतो, कणीक चिकट होते. तोच गहू ठरवून भिजवला, चार-पाच दिवस मोड येऊ दिले आणि वाळवला की त्याला माल्ट म्हणतात, आणि तो साध्या गव्हापेक्षा महाग विकतो. दोन्हीकडं दाण्यात घडतं एकच. मोड येताना असं द्रव्य तयार होतं की जे पिठाची साखर करतं.

हे मी पाहिलं मुलीकडं, अमेरिकेत. मागच्या उन्हाळ्यात गहू घरात आल्यावर आम्ही दोघं दीड महिना तिकडं होतो. जवाई सुटीच्या दिवशी घरी गव्हाची बिअर बनवतात. तिथं त्याला मुभा आहे. १९७८ च्या कायद्यानं दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर, घरच्यापुरती बनवता येते. विकायची नाही.

आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय बनवणं गुन्हा. म्हणून हे वाचून कोणी वावरातल्या खोलीत भांडं चढवू नका. मी लिहितो आहे ते धान्याची आणि सालीची कथा म्हणून.

वीस लिटरचा हिशोब असा. अडीच किलो जवाचं माल्ट, दोन किलो गहू. दोन्ही भरड दळायचं, पीठ करायचं नाही. ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. पाणी गोड होतं. मग ते गाळायचं. मी विचारलं, "जव कशाला? सगळा गहूच टाका ना."

जवाई म्हणाले, "मामाजी, गव्हाला टरफल राहत नाही. नुसता गहू टाकला तर लगदा बसतो, पाणी खाली उतरतच नाही."

बरोबर आहे. मळणीत गव्हाचं टरफल निघून जातं, जवाचं दाण्याला चिकटून राहतं आणि तेच गाळणीचं काम करतं. तिथं काही लोक त्यासाठी धानाची टरफलंही मिसळतात. गव्हातल्या प्रथिनांमुळं बिअर गढूळ दिसते आणि फेस टिकतो.

गाळलेलं पाणी तासभर उकळायचं, त्यात पंचवीस-तीस ग्रॅम हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडसर फुलं. शेवटच्या दहा मिनिटांत तीस ग्रॅम संत्र्याची साल आणि पंधरा ग्रॅम कुटलेले धने. २० अंशांवर थंड करून यीस्ट टाकायचं. दोन आठवड्यांनी लिटरला सहा ग्रॅम साखर घालून बाटल्या भरायच्या, आणखी दोन आठवडे थांबायचं. भांडी मात्र निर्जंतुक हवीत, नाही तर आंबट होते. आंबील आपण आंबट व्हावी म्हणून ठेवतो, इथं त्याचीच भीती.

साल आणि धने ही बेल्जियमची रीत. होगार्डन गावातली या बिअरची शेवटची भट्टी १९५७ ला बंद पडली. पिअर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं १९६६ ला ती बिअर पुन्हा सुरू केली. आज ती जगभर पितात. तिच्यात कडू संत्र्याची वाळवलेली साल पडते.

मी जवाईंना म्हटलं, रस का नाही घालत? रसातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागं आंबटपणा उरतो. आपल्या नागपुरी संत्र्याचा रस तर ठेवला की कडू होतो, हे प्रक्रियावाल्यांचं जुनं दुखणं. वास सगळा सालीच्या केशरी थरातल्या तेलात. आतला पांढरा भाग मात्र कडू, तो घ्यायचा नाही.

मी अर्धा ग्लास घेतली. हलकी, पाचेक टक्क्यांची, वास छान. हिनं ग्लासला हात लावला नाही. तिच्या भावाचं चार एकर वावर दारूत गेलं, पोरं मामाकडं वाढली. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही शिकून घ्या. पण कळमेश्वरला हे भांडं चढणार नाही." मी हो म्हटलं, आणि कायद्यापेक्षा मला तिचा शब्द मोठा वाटतो. बिअर हलकी असेल, पण आमच्या घरात ती हलकी गोष्ट नाही.

तरी दोन गोष्टी घरी घेऊन आलो. आंबिया बहाराची चुरी कळमन्यात मातीमोल जाते. यंदा तिची साल वरवर सोलून सावलीत वाळवली. एक किलो साल वाळून पाव किलोच्या आसपास भरली. चहात, चिवड्यात छान लागते. वास टिकवायचा तर उन्हात नको, डबा हवाबंद हवा. दुसरं, लोकवन गव्हाला मोड आणून, वाळवून, दळून नातवासाठी सत्व केलं. साखर न घालता गोड लागतं, आणि त्याला कुठला परवाना लागत नाही.

मोड आणताना पाणी दिवसातून दोनदा बदला आणि दाणे रोज हलवा, नाही तर बुरशी धरते. मोड दाण्याएवढा लांब झाला की थांबा. कोणी वाळलेली साल विकली असेल तर भाव काय मिळाला आणि कोणी घेतली, ते नक्की सांगा.