पोर्तसालचा नांगर

नांगर म्हटला की आपल्याला शेत आठवते. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील पोर्तसाल या बंदरावर मात्र जहाजाचा अवजड लोखंडी नांगर ठेवला आहे. तो ‘अमोको कॅडिझ’ या तेलवाहू जहाजाचा. १६ मार्च १९७८ रोजी सुकाणू बिघडलेले हे जहाज वादळात समोरच्या खडकांवर आदळले आणि सुमारे २,२०,००० टन खनिज तेल समुद्रात गेले. तीनशे किलोमीटरहून अधिक किनारा काळा झाला.

हा मुलूख गाईगुरांचा नि भाजीपाल्याचा. येथील शेतकरी समुद्रातले शेवाळ पिढ्यानपिढ्या खत म्हणून शेतात घालीत आले. किनाऱ्यावरचे संकट त्यांना परके नव्हते. लाटांनी घुसळून तेल दाट झाले होते. सैनिक आणि स्वयंसेवक फावडी-बादल्या घेऊन उतरले. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरमागे आपल्या टाक्या जोडून आणल्या. एरवी गोठ्यातले पातळ शेणमूत ओढून शेतात पसरणाऱ्या या टाक्यांनी तेल ओढून घेतले.

पूर्वेकडे इल ग्राँद येथे भरतीच्या पाण्याची खाजणे आहेत. तेथे यंत्रांनी तेलासकट मातीचा थरही खरवडला. पुढे पाहणीत दिसले, की न खरवडलेल्या खाजणातील गवत सुमारे पाच वर्षांत सावरले. खरवडलेल्या जागी त्याहून अधिक काळ लागला. वरची माती गेली की काय होते, हे शेतकऱ्याला निराळे सांगायला नको. घाण जरूर काढावी, पण तिच्याबरोबर जमीन काढू नये.