ग्रुपबाहेरची माणसं

ऊसतोड सुरू झाली की आमच्या मीनाकाठच्या गावात बिबट्या दिसतोच. लपायला ऊस, प्यायला कालव्याचं पाणी, खायला कुत्री-शेळ्या. जुन्नर-आंबेगावच्या बागायतीत त्याचं सगळं भागतं. नवं आहे ते ग्रामपंचायतीचे निर्णय व्हॉट्सअ‍ॅपवर होणं.

गेल्या हंगामात एका रात्री गावच्या ग्रुपवर कुणाचा तरी आवाज आला, "पाणंदीच्या वळणावर बसलाय, पोरं बाहेर सोडू नका." पाठोपाठ फोटो, मग अंगठेच अंगठे आणि 'पिंजरा लावा'चा धोशा. मी पंचायतीची सदस्य. सकाळी गेले तर ठराव लिहून तयार, फक्त सह्या बाकी. वनरक्षक आले आणि वळणावर उकिडवे बसून ओली माती निरखू लागले. ठशांपुढे नखं उमटली होती. बिबट्या नखं आत घेऊन चालतो. हे कुत्र्याचे ठसे होते. फोटोतला डोंगरही आमच्या शिवारातला नव्हता.

त्याच आठवड्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला धनगरांच्या वाड्यातून मेंढी गेली होती. आम्हाला पत्ताच नाही, कारण ते ग्रुपवर नाहीत. उसाच्या कडेला कोप्यांत राहणारे तोडणी कामगारही नाहीत. ज्यांची पोरं उघड्यावर झोपतात, त्यांना न विचारताच पिंजऱ्याची जागा ठरत होती. मला हे फार लागलं.

२००१ नंतर इथले बिबटे धरून लांबच्या जंगलात सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, असं वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे घाईचा पिंजरा मला भरवशाचा वाटत नाही. तरी माणसं गेलेल्या या भागात लोकांची भीती खरी आहे, आणि आई-बापांनी पिंजरा मागितला तर त्यांना गप्प बसवणार कोण?

मी ठराव थांबवायला लावला आणि आम्ही काही जण कोप्यांवर गेलो. चुलीपुढे भाकरी थापता थापता एक बाई म्हणाली, "ताई, पिंजरा कुठंबी लावा, पण पहाटं अंधारात तोडीला निघताना पोरं कुणापाशी ठेवू?"

ठराव पुन्हा लिहिला. कोप्यांपाशी दिवे, पोरांसाठी रात्री शाळेची एक खोली, शेतीला दिवसा थ्री-फेज वीज. रात्रीच्या पाळीला बारे द्यायला जाणारा माणूसही अंधारातच असतो. पिंजऱ्याचा निर्णय वनखात्याच्या पाहणीवर सोडला. मुकादमाच्या फोनमध्ये वनखात्याचा १९२६ हा नंबर घालून दिला. दिवे लागले, खोली मिळाली. विजेसाठी आमचे अर्ज अजून चालूच आहेत.