वेणी

मैत्रिणींनो, आई नर्स असली की मुलांची चंगळ, असे तुम्हांलाही वाटत असेल. खरं सांगू? लहानपणी मला आईचा फार राग यायचा.

आमचे घर शिर्डीत. रामनवमीला मुंबईहून पालख्या पायी येत, आणि नेमके तेच आमच्या वार्षिक परीक्षेचे दिवस. आई रात्रपाळी करून घरी यावी, तर ओट्यावर कुणी तरी फोड आलेले पाय घेऊन बसलेलेच! ती पाय धुवायची, "फोड फोडू नका हं," म्हणून दटावायची, पट्टी बांधायची. गल्लीतल्या बायकांकडून तिने एक पाठच करून घेतला होता : मुलाला जुलाब लागले की उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. "चमचा चहाचा, आणि सपाट. शीग नको!"

एकदा मी बोलूनच गेले, "तू सगळ्यांची आहेस, आमचीच तेवढी नाहीस." आई रागावली नाही. म्हणाली, "वेणी राहिलीय ना? ये इकडे."

भागोजी शिंद्यांची गोष्ट तिला फार आवडे. १९१० साली बाबांचा हात धुनीत भाजला. भागोजी स्वतः महारोगी. पण ते रोज त्या हाताला तूप चोळून पट्टी बांधत, जखम बरी झाल्यावरही. "बांधणाऱ्यालाही काही मिळत असतं गं," आई म्हणे. मला ते कळत नसे.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी आईला अर्धांगवायू झाला. मी सकाळी शाळेत अर्धा दिवस शिकवते. दुपारपासून आईचे सारे माझ्याकडे. तिची जीभ जड झाली होती, पण शिकवणे सुटले नव्हते. "दर दोन तासांनी कूस बदल. चादरीला सुरकुती नको, पाठीला जखमा होतात." नाडी मोजताना म्हणायची, "घड्याळाकडे बघ, माझ्या तोंडाकडे नको."

बारा, दोन, चार. गजर लावून उठायचे. आठवड्यात मी पार गळून गेले. एका सकाळी लेक फणी घेऊन पुढे आली, आणि मी खेकसले, "आज राहू दे वेणी!"

तोंडातून शब्द गेला आणि मी चमकले. इतक्या रात्रपाळ्या झाल्या, पण आई असे एकदाही म्हणाली नव्हती.

मी लेकीला पुढ्यात बसवले. आई खाटेवरून बघत होती. अडखळत म्हणाली, "एकटीनं करू नकोस. आम्हांलाही पाळ्या असायच्या."

त्या रात्रीपासून चारचा गजर ह्यांनी आपल्या उशाशी घेतला.

आईला जाऊन आता वर्ष झाले. शेवटपर्यंत तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळले असेल, तर माझ्या आईचे ऐका : कूस बदला, आणि पाळ्याही लावा. त्यात कमीपणा नाही.