आजोबांचा वस्तरा

गेल्या वर्षी जूनमध्ये सातवीच्या मुलांना मी निबंध दिला होता, 'आमच्या घरातली जुनी वस्तू'. मी अर्धवेळ शिक्षिका, आठवड्याला मराठीचे बारा तास. मुलांनी छान लिहिलं. कुणाकडे पणजीचा तांब्याचा हंडा, कुणाकडे लंबकाचं घड्याळ, एकाच्या घरी तर चक्क तलवार! रात्री भाजी निवडून झाल्यावर वह्या तपासत बसले होते, तेवढ्यात माझी चौथीतली लेक शेजारी येऊन बसली. "आई, आपल्याकडे काय जुनं आहे गं?"

"काही नाही," मी म्हटलं. आणि लगेच मनाला टोचलं. कारण माहेरी माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, माझ्या आजोबांची धोकटी होती.

आजोबा गावचे न्हावी. निम्म्या गावाचं जावळ त्यांच्या हातचं. सुगीला बलुतं म्हणून धान्य मिळायचं, त्यावर घर चालायचं. दादा, म्हणजे माझे वडील, शिकून कारकून झाले, शहरात आले आणि ती धोकटी माळ्यावर गेली. आजोबा काय करायचे असं कुणी विचारलं, की 'शेती' म्हणायचं, ही आम्हां भावंडांना शिकवण. आमच्या वाट्याला एक गुंठाही जमीन नव्हती! पण दादांचंही चूक म्हणवत नाही. शाळेत असताना त्यांना बसायला वेगळी जागा कुणी दिली नव्हती, पण नावाने हाकही कुणी मारली नव्हती. ते सारं त्यांनी आयुष्यभर पोटात ठेवलं.

पुढच्या रविवारी माहेरी गेले आणि दादा झोपलेले पाहून ट्रंक उघडली. धोकटीत वाटी, कंगवा, नराणी आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला वस्तरा. गंजून लाल झालेला, काळी मूठ चिरफाळलेली. गुपचूप पिशवीत घालून घरी आणला.

मैत्रिणींनो, माझी पहिली चूक ऐका. तांब्यापितळेची भांडी आपण चिंचेने घासतो ना, तसा मी तो रात्रभर चिंचेच्या कोळात टाकून ठेवला. सकाळी पाहते तर गंज थोडा सुटलेला, पण पातं काळंठिक्कर! साधं पोलाद आंबटाने असं डागळतं, हे मला कुठे ठाऊक? सासूबाई म्हणाल्या, "अगं, ज्याचं त्याला विचारावं."

ज्याचं त्याला म्हणजे तात्यांना. दादांचे चुलतभाऊ, वय पंचाहत्तरीपुढे, गावी अजून दुकानात बसतात. आता ते ब्लेडचा अर्धा तुकडा घालायचा वस्तरा वापरतात. एड्सची माहिती लोकांना झाल्यापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, हेच योग्य. पण जुना वस्तरा हातात घेताच म्हातारबाबांचा चेहरा उजळला. भिंग लावून आम्ही मुळापाशी कोरलेली अक्षरं वाचली: सोलिंगन, जर्मनी. सोलिंगन म्हणजे चाकू-सुऱ्या-वस्तऱ्यांचं जर्मनीतलं गाव, जसं इंग्लंडात शेफील्ड. 'पश्चिम जर्मनी' असं लिहिलेलं नव्हतं, म्हणजे बहुधा १९४९ च्या आधीचा. पाठीकडे जाड आणि दोन्ही बाजूंनी आत कोरत नेलेलं पातं, धारेजवळ इतकं पातळ की नखाने टिचकी मारली तर किणकिणतं.

तात्यांनी मला सगळं रीतसर शिकवलं. आधी धारेवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे बोट कापत नाही. मग शिवणयंत्राच्या तेलात भिजवून गंज सैल करायचा. खायचं तेल नको, ते चिकट होऊन बसतं. पातं लाकडी फळीवर आडवं ठेवून, धार आपल्यापासून लांब करून, आधी सहाशे नंबरचा पॉलिश पेपर, मग हजार, पंधराशे, शेवटी दोन हजार. विजेच्या चाकावर झटपट होईल की, असं मी म्हटलं, तर तात्या म्हणाले, "पातं तापलं की त्याचं पाणी उतरतं पोरी. मग ते पत्र्याच्या लायकीचंही राहत नाही." दुपारची जेवणं आटोपली की मी रोज अर्धा तास घासायची. खोल गेलेले दोन डाग मात्र तसेच ठेवले. ते काढत बसलं तर पातंच संपायचं.

मूठ मी शिंगाची समजत होते. घासल्यावर कापराचा वास आला, तेव्हा तात्या म्हणाले, हे सेल्युलॉइड. ते जुनं झालं की विटतं आणि त्यातून सुटणारी आंबट वाफच पात्याला गंज चढवते. पेटतंही भसकन, म्हणून ते चुलीपासून लांब ठेवायचं. नवी मूठ कशाची करावी? सासूबाईंनीच मोडक्या शिसवी पाटाची फळी काढून दिली. त्यातून तीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या कापल्या, कानशीने आकार दिला. दीड मिलिमीटरची पितळी तार आणि बारीक चकत्या सोनाराकडून आणल्या. तार भोकातून घालून हलक्या हातोडीने टोकं चेपायची, की झाला रिबिट. मी जोर केला आणि पहिली जोडी उभी चिरली. डोळ्यांत पाणीच आलं. दुसऱ्या खेपेला शंभर वेळा टिकटिक केलं, पण ठोका एकही जोरात मारला नाही. वर जवसाच्या तेलाचे चार हात.

राहिली धार. दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून पातं सपाट धरायचं. हजार नंबरचा दगड, मग चार हजार, मग आठ हजार. मग चामड्याचा पट्टा. "दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे," हे तात्यांचं सूत्र. पट्ट्यावर चुकून धार पुढे गेली तर पट्टा कापतो. आणि वळवताना नेहमी पाठीवर वळवायचं.

दिवाळीत दादा घरी आले. मी भीतभीत वस्तरा पुढे ठेवला. ते काही बोलले नाहीत. बराच वेळ शिसवी मूठ चाचपत बसले. मला वाटलं, आता रागावणार. मग उठले, खिडकीच्या गजाला अडकवलेला पट्टा डाव्या हाताने ताणला आणि उजव्या हाताने वस्तरा फिरवू लागले. सप्प, सप्प, पाठीवर वळण, पुन्हा सप्प. माझा हात दोन महिन्यांत जे शिकला नव्हता ते त्यांचा हात पन्नास वर्षांत विसरला नव्हता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणीच काही बोललं नाही.

थांबल्यावर दादा एवढंच म्हणाले, "आबा मला पहाटे उठवून हे करायला लावायचे."

बी. ए. ला असताना मी वाचलं होतं, की १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं, आणि नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. परीक्षेत चार मार्कांसाठी ते लिहिलंही होतं. पण पोटावर पाय येईल हे ठाऊक असून ज्यांनी वस्तरा खाली ठेवला, ती माणसं माझ्या आजोबांच्याच धंद्यातली, हे तेव्हा मनात आलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी हे वर्गात सांगितलं. वस्तरा अर्थातच नेला नाही. धोकटी आणि कंगवा नेला. "ही माझ्या आजोबांची. ते न्हावी होते," असं म्हणताना आवाज थोडा कापला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याने निबंधाचं पान कोरंच दिलं होतं, तो तास संपल्यावर वही घेऊन आला. "बाई, आता लिहू का? आमच्या घरी भाता आहे, लोहाराचा."

वस्तरा आता आमच्या कपाटात वरच्या खणात, कुलपात असतो. पावसाळ्यात दर आठवड्याला फडक्याने तेलाचा हात देते. आणि लेकीला कुणी विचारलं, तर ती 'शेती' म्हणत नाही.