नवी दुनळी जाम का असते, अन् तिला कानस का लावू नये

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी एकच प्रश्न विचारला. "भाऊ, नवीन दुनळी घेतली, पण उघडतच नाही ना. मिस्त्रीकडून थोडी घासून घेऊ काय?" तिघंही काटोल-कळमेश्वर बाजूचे शेतकरी, तिघांकडेही पीक संरक्षणाचं लायसन. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा इथंच लिहितो. ज्यांच्याकडे बंदूक नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचावं, कारण विषय फक्त बंदुकीचा नाही.

आधी उत्तर. घासू नका.

बारा बोअरची दुनळी मधून मोडते. वरचा खटका अंगठ्यानं सारला की नळ्या बिजागरीवर खाली झुकतात. पण त्याच झटक्यात आतले दोन घोडेही चढतात, म्हणजे तुम्ही दोन दणकट स्प्रिंगा दाबत असता. ही रचना बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांची, 1875 ची. आजही बहुतेक दुनळ्या त्याच धर्तीवर बनतात. म्हणून जाम लागण्याची कारणं दोन: एक स्प्रिंग, दुसरं नवं घट्ट बसलेलं लोखंड. कोणतं ते आधी ओळखा.

बंदूक रिकामी आहे हे दोन्ही नळ्यांतून डोळ्यानं पाहा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. लेकरं घराबाहेर. स्प्रिंगवाली डमी काडतुसं घाला, भिंतीकडे तोंड करून दोन्ही चाप ओढा अन् मग उघडा. जड जाईल. आता बंद करा आणि चाप न ओढता पुन्हा उघडा. या खेपेला हलकी गेली तर जोर स्प्रिंगांचा होता. तो पुढेही बराचसा तसाच राहणार, त्यात बिघाड काही नाही. दोन्ही वेळा जड गेली तर सांधा घट्ट आहे. मग घोडे चढलेले असतानाच नळीखालचं लाकूड काढून पाहा (घोडे पडलेले असताना काढलं तर परत बसवताना घाम फुटतो). लाकूड काढल्यावर सैल झाली तर ते लाकडाचं लोखंड दाबतंय, नाहीतर बिजागरी.

उपाय साधा आहे, फक्त सबुरी पाहिजे. कारखान्यात लावलेलं चिकट तेल पुसून काढा. बिजागरीच्या दांड्यावर, लाकूड जिथं घासतं त्या गोलाईवर, नळीखालच्या खुंट्यांच्या दोन्ही बाजूंना ग्रीस लावा. बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. जास्त लावलं तर आपल्या उन्हाळ्यातली धूळ त्यात बसते आणि ग्रीसचीच पेस्ट होते. मग रोज संध्याकाळी शंभर वेळा उघडा-बंद करा. बंद करताना खटका अंगठ्यानं धरून ठेवा, हळू सोडा. सिनेमातल्यासारखी एका हातानं फटकन् बंद करायची नाही. ग्रीस काळं पडलं की पुसून नवीन लावा. आठ-पंधरा दिवसांत फरक जाणवतो.

आणि पकड. दस्ता काखेत दाबा, डावा हात नळीवर जितका पुढं जाईल तितका पुढं न्या. लोक बिजागरीजवळ धरतात आणि म्हणतात उघडत नाही. अहो काकाजी, पाना टोकाला न धरता मधे धरला तर नट सुटते काय? माझ्या मते निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, पॉलिश पेपर, कानस यांतलं काही लागलं की बंदूक एका दिवसात वीस वर्षं म्हातारी होते. नव्या दुनळीचा खटका बंद असताना मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडे थांबतो. झीज होईल तसा तो मधे येतो. ती उजवीकडची जागा म्हणजे बंदुकीचं शिल्लक आयुष्य. सांधा सैल झाला तर नळी आणि मागच्या भिंतीत फट पडते, काडतुसाची पितळी टोपी फुगते, अन् फुटली तर गरम वायू तुमच्या चेहऱ्याकडे येतो. दुसरं म्हणजे, शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे बंदूक दुरुस्तीलाही लायसन लागतं. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे दिली तर तो अडकेल, सोबत तुम्हीही. पंधरा दिवसांनीही हटत नसेल तर बिल घेऊन विक्रेत्याकडे परत जा.

आता राग कशाचा येतो ते सांगतो. 1959 च्या कायद्यात कलम 13 पीक राखायला आधी ठासणीची बंदूक धरून चालतं. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी. रात्री जागलीला एकटा बसलेला माणूस बॅटरीच्या उजेडात दारू ठासत बसेल, हे आजही कागदावर आहे. 2016 च्या नियमांनी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणलं, चांगलं केलं. पण या तिघांकडेही प्रमाणपत्र आहे आणि बंदूक उघडायची कशी हे तिघांनाही कुणी हातात धरून दाखवलेलं नव्हतं.

शिवाय लायसन म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली लेखी आदेश वेगळा लागतो. तो नसेल तर आवाज करून हाकलण्यापलीकडे जाऊ नका, गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

आणि निवडणूक. 2024 मध्ये आचारसंहिता दोनदा लागली, मार्च ते जून आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबर. दुसरी नेमकी सोयाबीनचे ढीग अन् तुरीच्या शेंगांच्या वेळेला. कोणाची बंदूक जमा करायची हे छाननी समितीनं एकेक प्रकरण पाहून ठरवायचं असतं. प्रत्यक्षात गावात निरोप येतो, "सगळ्यांनी आणून द्या." शेतकरी आणून देतो. मालखान्यात ओल, धूळ, पोतं. परत येते तेव्हा सांधा गंजानं जाम. मग पुन्हा तोच मिस्त्री, तीच कानस.

ज्याच्यावर कसला गुन्हा नाही आणि ज्याचं शेत जंगलाला लागून आहे, त्यानं समितीकडे सूट मागणारा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ग्रामपंचायतीनं सगळ्यांचे अर्ज एकत्र दिले तर आणखी बरं. तरी जमा करावी लागलीच तर आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवून द्या, बंद पिशवीत नको, सुती कापडात गुंडाळा. पावतीवर बंदुकीचा नंबर, नळीची आणि सांध्याची अवस्था लिहून घ्या. निकालानंतर आठवड्यात परत मिळाली नाही तर ती पावती घेऊन ठाण्यात जा.